पायरीची नोंद कोणाच्या नावे?

समजा, एखाद्या ऑनलाइन नकाशावर कोणी लिहून ठेवले आहे : ‘दादर स्थानक, फलाट क्रमांक तीनवर लिफ्ट आहे.’ वाक्य सरळ आहे. पण ते ९ डिसेंबर २०२३ च्या आधी लिहिलेले असेल तर त्याचे दोन अर्थ होतात. तेव्हा दादरला पश्चिम रेल्वेचा एक फलाट तीन होता आणि मध्य रेल्वेचा दुसरा. त्या दिवसापासून मध्य रेल्वेच्या फलाटांना आठ ते चौदा असे नवे क्रमांक मिळाले. तिकडचा जुना तीन आता नऊ आहे. मग ही लिफ्ट नेमकी कुठली? नोंदीतून ते कळत नाही. लिहिणाऱ्याला विचारावे, तर तो कोण हे माहीत हवे. चालणाऱ्या माणसाला याचा फारसा त्रास नाही, चुकला तर पूल चढून पलीकडे जाईल. व्हीलचेअरवरच्या माणसाने मात्र घरून निघण्याचा निर्णयच त्या एका वाक्यावर घेतलेला असतो.

येथे विचार करायचा आहे तो या मर्यादित प्रश्नाचा. कोणती जागा व्हीलचेअरने गाठता येते याच्या नोंदी सामान्य लोकांनीच नकाशावर करायच्या, तर त्या प्रत्येकाने आपापल्या खात्यातून कराव्यात, की सगळ्यांसाठी ठेवलेल्या एका सामायिक खात्यातून? माझे मत असे की खाते ज्याचे त्याचे असावे, पण त्या खात्यावर खरे नाव असण्याची गरज नाही. ‘स्वतःचे खाते’ आणि ‘स्वतःचे नाव’ या दोन गोष्टी नेहमी एकत्र बोलल्या जातात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला तो बर्लिनमध्ये. तिथल्या ‘सोत्सियालहेल्डन’ या संस्थेने २०१० मध्ये ‘व्हीलमॅप’ सुरू केला. संस्थेच्या संस्थापकांपैकी राउल क्राउटहाउझेन स्वतः व्हीलचेअर वापरतात. दुकान, उपाहारगृह, दवाखाना, बँक अशा प्रत्येक ठिकाणाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा. माहिती नसेल तर ठिकाण करडे राहते. प्रवेशाला पायरी नाही आणि आत सगळीकडे जाता येते तर हिरवा. प्रवेशाशी फार तर एक पायरी, तीही साधारण सात सेंटीमीटरपर्यंतची, आणि महत्त्वाच्या खोल्यांत विनापायरी जाता येते तर पिवळा. बाकी सारे लाल. या नकाशाखालचा पाया ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशाचा आहे, म्हणजे व्हीलमॅपवर बोट टेकवून दिलेले उत्तर अखेर ओपनस्ट्रीटमॅपच्या साठ्यात ‘व्हीलचेअर’ या टॅगखाली ‘होय’, ‘मर्यादित’ किंवा ‘नाही’ असे जाऊन बसते. आणि तिथे काहीही बदलायचे तर खाते लागते. यावर व्हीलमॅपने तोडगा काढला तो ‘व्हीलमॅप_व्हिजिटर’ या सामायिक खात्याचा. ज्याचे स्वतःचे खाते नाही त्याचे उत्तर या नावावर पडे. ज्याचे असेल त्याला ते व्हीलमॅपशी जोडून आपल्या नावावर नोंद करता येई.

सामायिक खात्याला हसण्याचे कारण नाही. रस्त्यावर उभे राहून, एका हाताने छत्री धरून, ‘या दुकानाला पायरी आहे का’ याचे उत्तर देणाऱ्याला आधी ईमेल, मग पासवर्ड, मग पुष्टीचा दुवा असे तीन उंबरे ओलांडायला लावले तर तो उत्तर न देताच पुढे जातो. पायऱ्यांविरुद्धच्या कामाच्याच दारात पायऱ्या ठेवण्यात काय अर्थ? नकाशा पूर्ण करडा असतो तेव्हा पहिली नोंद मिळवणे हेच मोठे काम असते आणि पहिल्या नोंदीसाठी निनावी दार उपयोगी पडते.

अडचण दुसऱ्या नोंदीपासून सुरू होते. ओपनस्ट्रीटमॅपची रचना मुळात ‘कोणी, कधी, काय बदलले’ या स्मरणावर उभी आहे. एप्रिल २००९ पासून तिथले प्रत्येक काम एका बदलसंचात बांधले जाते. त्यावर खात्याचे नाव असते, वेळ असते, ‘प्रत्यक्ष पाहून’ किंवा ‘उपग्रहचित्रावरून’ असा आधार लिहायला जागा असते. २०१४ पासून त्या बदलसंचाखाली कोणत्याही खातेदाराला प्रश्न विचारता येतो, तो थेट बदल करणाऱ्याकडे जातो. खाते सामायिक असेल तर प्रश्न जातो, पण तो ज्याने पायरी पाहिली त्याच्यापर्यंत पोचत नाही. कोणी खोडसाळपणे वीस दुकाने हिरवी केली, तर खाते बंद करावे लागते आणि त्याबरोबर प्रामाणिक माणसांचेही दार बंद होते. परवान्याचा हिशेबसुद्धा खात्यांवर चालतो. २०१२ मध्ये ओपनस्ट्रीटमॅपने आपला परवाना बदलला, तेव्हा ज्या खातेदारांनी नव्या अटी मान्य केल्या नाहीत त्यांचे काम नकाशातून काढून टाकावे लागले होते. संमती कोणाची, हे विचारायची वेळ पुन्हा आली तर सामायिक खात्याच्या वतीने ती कोण देणार?

हे सगळे व्यवस्थापनाचे मुद्दे झाले. त्याहून खोल मुद्दा मोजमापाचा आहे आणि तो मध्य मुंबईत जितका स्पष्ट दिसतो तितका बर्लिनमध्ये दिसत नसावा.

हिंदमाता परिसराचे उदाहरण घ्या. दादर आणि परळच्या मधला हा खोलगट भाग पावसाळ्यात तुंबतो हे सर्वांना माहीत आहे. महापालिकेने २०२१ च्या सुमारास त्यासाठी जमिनीखाली पाणी साठवण्याच्या टाक्याही बांधायला घेतल्या. जिथे वर्षानुवर्षे पाणी शिरते तिथला दुकानदार जोते उंच घेतो, दाराशी उंबरा चढवतो. त्याच्या दृष्टीने ती पायरी म्हणजे कापडाचे गठ्ठे वाचवणारा बांध आहे. तिची उंची सात सेंटीमीटरमध्ये बसण्याची शक्यता कमीच. गिरगावात वेगळी तऱ्हा. रस्ता पुन्हा पुन्हा वर येत गेल्याने काही जुन्या इमारतींत दोन पायऱ्या खाली उतरून आत जावे लागते, आणि नकाशा भरणाऱ्यांना पायरी म्हटले की वर चढणारीच आठवते. चाळींत तर जिना हाच प्रवेश. लालबागला भाद्रपदात मंडपांनी गल्ल्या आवळल्या जातात. त्या दिवसांत कोणी एखादी गल्ली ‘नाही’ म्हणून नोंदवली तर ती नोंद अनंत चतुर्दशीनंतर खोटी ठरते, आणि तरीही नकाशावर राहते.

पण या साऱ्यापेक्षा जास्त गोंधळ घालणारे वाक्य आहे ते असे : “अहो, येऊ दे की, चार पोरं आहेत, उचलून घेऊ!” गिरगाव-परळ-लालबागमध्ये हे वाक्य मनापासून म्हटले जाते आणि बहुतेक वेळा पाळलेही जाते. त्यामुळे स्थानिक माणूस एखादी जागा पाहून ‘जाता येते’ असे लिहितो तेव्हा तो खोटे बोलत नाही. त्याच्या हिशेबात पोरे धरलेली असतात. हातांनी ढकलायची हलकी खुर्ची दोघांनी उचलून ठेवता येते. बॅटरीवर चालणारी जड खुर्ची तशी उचलता येत नाही, आणि उचलले जाणे ज्यांना अपमानाचे वाटते अशांची संख्या कमी नाही. एकाचा ‘होय’ दुसऱ्याला ‘नाही’ असू शकतो, आणि दोघेही बरोबर असतात.

यातून शास्त्रीय दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निघते. ‘होय, मर्यादित, नाही’ ही तीन मूल्ये प्रत्येक नोंदकर्ता आपल्या मोजपट्टीने देतो आणि पट्ट्या वेगवेगळ्या आहेत. एकाच माणसाची पट्टी मात्र बऱ्यापैकी स्थिर असते. एका खात्याच्या चाळीस नोंदी पाहिल्या आणि त्यातल्या पाच-सहा प्रत्यक्ष जाऊन तपासल्या, की तो खातेदार उदार आहे की कडक, दरवाजाची रुंदी पाहतो की फक्त पायरी, हे कळते, आणि उरलेल्या नोंदी त्या हिशेबाने वाचता येतात. सामायिक खात्यात शंभर पट्ट्या एकाच नावाखाली मिसळतात. तिथली चूक मोजता येत नाही, म्हणून ती वजाही करता येत नाही. वैयक्तिक खात्याचे खरे समर्थन हे आहे. शिक्षा करण्यासाठी माणूस सापडावा, हे कारण मला दुय्यम वाटते.

इथे न्यायदर्शनाची एक जुनी मांडणी उपयोगी पडते. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास केव्हा ठेवावा याची चर्चा करताना वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात ‘आप्त’ म्हणजे विश्वासार्ह सांगणारा कोण, याच्या अटी दिल्या आहेत. त्याने ती वस्तू स्वतः जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याची इच्छा असावी. असा माणूस ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ, त्याने फरक पडत नाही. म्हणजे कुळ, पद, नावगाव या गोष्टी प्रामाण्यात येत नाहीत. आपल्या प्रश्नाला ही कसोटी लावली तर काय दिसते?

पहिली अट जाणण्याची. वैयक्तिक खाते ती आपोआप पुरी करत नाही. मुंबईतल्या घरांत फोन एकाचा आणि अनुभव दुसऱ्याचा हे नेहमीचे आहे. आईची खुर्ची ढकलत नेणारा मुलगा नोंद करतो, खाते मुलाचे, खांद्याला बसलेले हिसके आईचे. शिवाय, चालत गेलेल्या नोंदकर्त्याला दाराची पायरी दिसते, पण दारापर्यंतच्या फुटपाथवर रोवलेले खांब त्याच्या लक्षातही येत नाहीत. दुचाकी आत शिरू नयेत म्हणून बसवलेल्या याच खांबांमधून व्हीलचेअर जात नाही, असे एका मुंबईकराने ईमेलने कळवल्यावर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो विषय स्वतःहून जनहित याचिका म्हणून हाती घेतला होता. म्हणून खात्याबरोबर ‘कसे पाहिले’ हे लिहिणे आवश्यक आहे : हाताची खुर्ची, बॅटरीची खुर्ची, वॉकर, मदतनीस म्हणून, की नुसते चालत. वर्णनाच्या टॅगमध्ये एक ओळ पुरते.

दुसरी अट जसे पाहिले तसे सांगण्याच्या इच्छेची. आणि खरे नाव नेमकी हीच अट बिघडवते. वाडीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात तीस वर्षे उधारीची वही चालू आहे. त्या दुकानाला लाल रंग देऊन खाली आपले आडनाव कोण लिहील? माणूस पिवळा देईल, नाहीतर नोंदच करणार नाही. ओळखीपाळखीच्या वस्तीत खऱ्या नावाची सक्ती केली की नकाशा हळूहळू हिरवट होत जाईल, आणि तो हिरवेपणा भिडेचा असेल.

भीड हा सौम्य धोका आहे. त्याहून मोठा धोका माग काढला जाण्याचा. ओपनस्ट्रीटमॅपवर खातेदाराचे सगळे बदल वेळेसकट कोणालाही पाहता येतात. युरोपातल्या गोपनीयतेच्या नियमानंतर २०१८ पासून खातेनावे असलेल्या काही मोठ्या फाइल फक्त लॉगिन केलेल्यांना मिळतात, पण संकेतस्थळावरचा इतिहास उघडाच आहे. रस्ते आणि इमारती काढणाऱ्याला याची फिकीर नसते, कारण त्याचे बरेच काम घरबसल्या चित्रावरून होते. व्हीलचेअरच्या नोंदी मात्र माणूस जिथे जातो तिथल्याच असतात. परळमध्ये के.ई.एम. आणि टाटा मेमोरियल ही रुग्णालये जवळजवळ आहेत, हाजी अलीला १९५५ पासूनची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, दादरला कर्करुग्णांच्या नातेवाइकांना आधार देणारी गाडगे महाराज धर्मशाळा आहे. एखाद्या खात्याच्या नोंदी दर मंगळवारी सकाळी परळच्या औषधाच्या दुकानांभोवती आणि संध्याकाळी ठाकुरद्वारच्या एकाच गल्लीत पडत असतील, तर त्या माणसाचे अपंगत्व, उपचार आणि घर या तिन्हींचा अंदाज कोणीही बांधू शकतो. खात्यावर आडनाव असेल तर अंदाजाचीही गरज उरत नाही.

कायद्याचा आधार इथे फारसा मिळत नाही. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत आरोग्यविषयक माहिती ‘संवेदनशील’ या वेगळ्या वर्गात होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात असा वेगळा वर्ग नाही. शिवाय माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला तो कायदा लागूच होत नाही, आणि खुल्या नकाशावरची नोंद म्हणजे स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती. संरक्षण करायचे तर ते नोंद करण्याच्या पद्धतीतच बसवावे लागेल.

म्हणून टोपणनावाचे, पण टिकाऊ असे वैयक्तिक खाते. त्याला प्रश्न विचारता येतो, त्याची मोजपट्टी ओळखता येते, ते चुकले तर सुधारता येते, आणि आडनाव कळत नाही. ओपनस्ट्रीटमॅपला खरे नाव लागतही नाही. व्हीलचेअरच्या नोंदींसाठी वेगळे खाते ठेवावे, ते इतर समाजमाध्यमांवरच्या नावाशी जुळू नये, स्वतःच्या इमारतीची नोंद दुसऱ्याकडून करून घ्यावी, आणि दिवसभराच्या नोंदी त्याच क्षणी न पाठवता दोन-तीन दिवसांनी एकत्र पाठवाव्यात. ओपनस्ट्रीटमॅपवर नोंदी करणाऱ्या स्ट्रीटकम्प्लीटसारख्या अॅपमध्ये उत्तरे आधी फोनमध्ये साठवून नंतर पाठवण्याची सोय आहे. तांत्रिक जोडणीची भीती बाळगण्याचे कारण नाही. आता अॅपला आपला पासवर्ड दिला जात नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या स्वतःच्या पानावर लॉगिन करून ‘या अॅपला नकाशा बदलू द्या’ एवढीच परवानगी द्यायची असते आणि ती हवी तेव्हा मागे घेता येते. जुन्या पद्धती २०२४ मध्ये बंदच झाल्या. गूगल मॅप्सवरही ‘व्हीलचेअरसाठी प्रवेश’ अशी नोंद करता येते, पण तिथले खाते आपल्या ईमेलशी आणि फोनशी बांधलेले असते आणि नोंदींचा साठा एका कंपनीच्या ताब्यात राहतो. टोपणनावाचा उपयोग तिथे कमी.

आक्षेप येईल की नावानिशी बोलल्याशिवाय काही हलत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या विराली मोदी यांनी खारच्या विवाह नोंदणी कार्यालयाचा अनुभव स्वतःच्या नावाने जगासमोर मांडला. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अधिकारी खाली यायला तयार नाहीत. उपमुख्यमंत्र्यांनी जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली. हे नावाचे बळ खरे आहे. पण ती तक्रार होती, नोंद नव्हती. तक्रारीला एक जागा, एक घटना आणि उभा राहणारा एक माणूस लागतो. २०२१ च्या ‘सुगम्य भारत’ अॅपवर अडथळा कळवणे हाही तक्रारीचाच प्रकार. नकाशाला हवी असतात हजारो क्षुल्लक उत्तरे, इस्त्रीवाल्यापासून बँकेपर्यंतची. त्यांतल्या प्रत्येकीमागे माणसाने आपले शरीर साक्षीला उभे करावे अशी अपेक्षा ठेवणे क्रूरपणाचे आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या बहुतेकांना आंदोलक व्हायचे नाही, बाजारात जायचे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी प्रकरणात अपंग हक्क नियमांतल्या पंधराव्या नियमाचा पहिला पोटनियम रद्दबातल ठरवला. सुगम्यतेचे मानदंड ऐच्छिक राहून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत, हे त्यामागचे कारण. सक्तीचे मानदंड आले की पालन झाले का हे तपासावे लागेल, आणि तेव्हा टोपणनावांच्या या क्षुल्लक नोंदी तक्रारदाराला निदान कुठे पाहायचे हे सांगतील.

सामायिक खाते मग अजिबात नको का? मी ते ठेवीन, पण दुय्यम म्हणून. त्यातून आलेले उत्तर थेट रंगात न बदलता ‘कोणीतरी असे म्हणतो’ अशा टिपणीच्या रूपात पडावे आणि एखाद्या टिकाऊ खात्याने पाहून आल्यावर पक्के व्हावे. ओपनस्ट्रीटमॅपवर अशा निनावी टिपणांची सोय पूर्वीपासून आहे.

नोंदींच्या वयाचा प्रश्न यानेही पूर्ण सुटत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा जुना पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि प्रभादेवी-परळ दरम्यानच्या वाटांची गणिते बदलली. पुढच्याच महिन्यात मेट्रो तीनचा शेवटचा टप्पा सुरू होऊन गिरगाव आणि काळबादेवीला भुयारी स्थानके मिळाली. भुयारी स्थानकाबाबत ‘लिफ्ट आहे’ एवढे पुरत नाही, ती रस्त्याच्या कोणत्या बाजूला उघडते हे हवे. अशा वेळी जुन्या नोंदीच्या खातेदाराला ‘पुन्हा पाहाल का?’ असा निरोप पाठवता येणे ही मोठी सोय आहे. तपासून गेल्याची तारीख लिहायला वेगळा टॅगही आहे. काहीच बदलले नसेल तरी ती तारीख नवी करणे हे काम आहे, हे फार थोड्यांना पटते.

एक व्यावहारिक बाब राहते. अशा नोंदींची मोठी लाट येते ती महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या उपक्रमांतून, आणि तिथे एकच खाते उघडून त्याचा पासवर्ड पन्नास जणांना वाटण्याचा मोह अनावर असतो. ओपनस्ट्रीटमॅप प्रतिष्ठानने २०१८ मध्ये संघटित कामासाठी मार्गदर्शक सूचना केल्या. उपक्रमाची माहिती आधी जाहीर करावी आणि सहभागी खाती ओळखू यावीत, असा त्यांचा रोख आहे. प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते वेगळे हवे, आणि मुले चालत फिरणार असल्याने प्रत्येक नोंदीत ‘चालत पाहिले’ हे हवे. बरोबर एखादी व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती असेल तर नोंद कोणाच्या खात्यात जावी हे तिने ठरवावे. तिला नको असेल तर विद्यार्थ्याच्या खात्यात, तिच्याविषयी काही न लिहिता, फक्त खुर्चीचा प्रकार लिहून. प्रमाणपत्रे वाटून झाली की ही खाती निद्रिस्त होतात आणि वर्षभराने आलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. त्याचे एक साधे कारण असे की महाविद्यालयाने दिलेला ईमेल पदवीनंतर बंद होतो. खाते उघडतानाच मुलांनी आपला स्वतःचा, पुढेही चालू राहील असा पत्ता द्यावा.